मावेजा, मोबदला की नुकसानभरपाई?

प्रश्न (परभणी): आमच्याकडे तलावात नाहीतर रस्त्यात जमीन गेली की 'मावेजा' मिळतो. पुण्याकडे 'मोबदला' म्हणतात, कागदावर कधी 'नुकसानभरपाई' असते. तिन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर: व्यवहारात एकच, पण मला मावेजाच नेमका वाटतो. नुकसानभरपाई तर गारपिटीचीही असते. मावेजा अरबी-उर्दूतला, 'ऐवज' आणि 'ऐवजी' याच मुळाचे. म्हणजे गेलेल्याच्या जागी तेवढ्याच मोलाचं. सुप्रीम कोर्टानं 1953 मध्ये बेला बॅनर्जी खटल्यात घटनेच्या अनुच्छेद 31 मधल्या, म्हणजे मालमत्तेच्या मूलभूत हक्कातल्या, भरपाईचा नेमका हाच अर्थ लावला. सरकारला तो परवडेना. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीनं भरपाई पुरेशी आहे का, हे कोर्टानं बघायचं नाही असं ठरलं. तरी 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात कोर्ट पुन्हा त्याच अर्थावर आलं. मग 1971 च्या पंचविसाव्या दुरुस्तीनं तो शब्दच काढून 'रक्कम' घातला. रक्कम कितीही असू शकते. ती कशाच्या ऐवजी, हे त्या शब्दात उरतच नाही.

प्रश्न (बीड): पण दादा, पुढे तो मालमत्तेचा हक्कच गेला ना?

उत्तर: मूलभूत राहिला नाही, घटनात्मक आहे. 44 व्या दुरुस्तीनं 1979 पासून अनुच्छेद 300-अ आला: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. त्यात भरपाईचा उल्लेखही नाही. तरी के. टी. प्लांटेशन खटल्यात (2011) घटनापीठ म्हणालं की ती त्यात गृहीतच आहे. आणि विद्या देवींचा 2020 चा निकाल प्रत्येकानं वाचावा. हिमाचलमधल्या या निरक्षर विधवेची जमीन 1967-68 मध्ये रस्त्याला घेतली, ना रीतसर संपादन, ना पैसा. वर सरकारनंच 'इतकी वर्षं कब्जा आहे, आता आमचीच' असा दावा केला. कोर्टानं तो साफ फेटाळला, भरपाई द्यायला लावली. आपल्याकडेही निवाडा (मावेजा ठरवणारा सरकारी आदेश) न होता रस्त्यात गेलेल्या पट्ट्या गावोगावी आहेत, त्यांच्या कामाचा निकाल आहे हा.

प्रश्न (परभणी): आणि 'वाढीव मावेजा'?

उत्तर: निवाड्यातला दर मान्य नसला तर दाद मागून जो जास्तीचा मिळतो तो. 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली पैसे घेताना 'मान्य नसताना स्वीकारत आहे' असं पावतीवर लिहूनच सही करा. अर्जाला मुदत असते, निवाड्याची नक्कल लगेच काढा.