मदत हवी आहे: दुसरीच्या पोरांना मिळून काम करायला कसं शिकवायचं? (कोल्हापूर)

दुसरी_ब

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका शाळेत दुसरीला शिकवते, वर्गात ४२ पोरं आहेत आणि प्रश्न तसा साधाच आहे पण डोकं उठलंय. चौघांना एकत्र बसवून एक काम दिलं की दहा मिनिटांत एक तरी रडतंय, एक तरी "टीचर हा मला हातच लावू देत नाही" म्हणत माझ्या ओढणीला लोंबकळतंय आणि उरलेले दोघं बाकाखाली खोडरबरनं क्रिकेट खेळतायत.

दिवाळीच्या आधी शाळेत किल्ले करायचे ठरले होते. सहा-सहा, सात-सात जणांचे गट, माती दगड पोती सगळं शाळेनं दिलं, मावळे पोरांनी घरनं आणले. एका गटात एक पोरगा आहे, हुशार आहे, वडिलांबरोबर पन्हाळा-विशाळगड फिरून आलेला, त्यानं एकट्यानं सगळा पन्हाळा उभा केला आणि बाकीच्यांना फक्त पाणी आणायला ठेवलं. शेजारच्या गटात बुरूज कुणाचा यावरनं भांडण झालं आणि शेवटी बुरूजच पाडला. एक मुलगी पूर्ण वेळ हातात मावळा धरून कडेला उभी, तिला कुणी बोलवलं नाही आणि ती पण काही बोलली नाही. सगळ्यात देखणा किल्ला ज्या गटाचा झाला तो दोन आयांनी येऊन केलेला, पोरं चिप्स खात बघत होती :)

आता "मिळून मिसळून राहावं" हे सांगून सांगून माझा घसा बसला. जाळं घेऊन उडालेल्या कबुतरांची गोष्ट सांगितली, काठ्यांच्या मोळीची सांगितली, पोरांना दोन्ही पाठ आहेत, तात्पर्य पण माझ्या आधी तेच म्हणतात आणि गोष्ट संपली की रंगीत खडूवरनं परत मारामारी.

तर मला सांगा की या वयात गट किती जणांचा करायचा, कोण कुणाबरोबर हे मी ठरवू का त्यांना ठरवू देऊ, सगळं स्वतःकडं ओढून घेणाऱ्याचं काय करायचं आणि त्या कडेला उभ्या राहणारीचं काय. स्टार-बिर द्यायचे का? बाकं जड आहेत, वर्गात जागा कमी, पटांगण मिळतं पण अर्धं. कृपया व्हिडिओच्या लिंका देऊ नका, भरपूर बघून झाल्यात, स्वतः काय केलंय ते लिहा.

रंकाळा_रिटर्न

ताई एवढं टेन्शन घेऊ नका ओ. आम्हाला कुणी शिकवलं होतं? गल्लीत खेळून खेळून आपोआप आलं. आणि खरं सांगू का, पुढं जाऊन एकट्यालाच लढायचं असतंय, खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवान एकटाच उतरतो, बरोबर टीम घेऊन नाही उतरत. तुम्ही सरळ गटागटांची शर्यत लावा, पयल्या नंबरला बक्षीस जाहीर करा, बघा कशी एक होतात का नाही.

पेठेतला_बॅकी

रंकाळा भाऊ, पैलवान मैदानात एकटा उतरतो हे खरं, पण तालमीत कधी गेलायसा का? हौदातली माती खणायला चार जणं लागतात, डाव घोटायला जोड लागतेय, जोड नसली तर पैलवान काय भिंतीशी कुस्ती धरणार?

मॅडम, मी पेठेत बारक्या पोरांना फुटबॉल शिकवतो, हौस म्हणून, सर्टिफिकेटवाला कोच नाही. सहा-सात वर्षांच्या पोरांना अकरा-अकरात सोडलं की सगळी बावीसच्या बावीस बॉलच्या मागं, गोलकीपर पण. "पास दे पास दे" म्हणून बोंबलून काही होत नाही कारण मोठ्या टीममध्ये पास द्यायची गरजच पडत नाही, गर्दीत बॉल आपोआप कुणाला तरी मिळतो. चार-चारच्या टीम केल्या, मैदान छोटं केलं की तिथंच बदल दिसतो. आणि एक नियम, गोल मारायच्या आधी बॉल टीममधल्या सगळ्यांच्या पायाला लागला पाहिजे. सुरुवातीला पोरं वैतागतात मग जो खेळायला कच्चा आहे त्यालाच हाका मारायला लागतात, कारण त्याच्याशिवाय गोल धरला जात नाही. पोरं लई बेरकी असतात मॅडम, नियमात जे असतंय तेच शिकतात, आपल्या भाषणातलं नाही.

शर्यत लावायच्या मात्र मी विरोधात आहे. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची मॅच असली की काय वातावरण असतंय सगळ्यांना माहितेय. आपल्या पेठेवर जीव असावा, पण सातव्या वर्षी "ते त्यांच्या गटाचं पोरगं" हे डोक्यात नको घालायला.

झेडपीवाला

मॅडम, राधानगरी तालुक्यात वाडीवरच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसवून बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळं थोडं मोठं लिहितो.

पहिली गोष्ट, सहा-सात जणांचा गट या वयाला फार मोठा आहे. आधी फक्त जोड्या. बाकावर शेजारी बसतात तीच जोडी, बाक हलवायची गरज नाही. जोडीतली कामं जमायला लागली की दोन जोड्या जोडून चौघं, पुढच्या-मागच्या बाकावरची. यापेक्षा मोठा गट दुसरीत करूच नका, किल्ला असला तरी नाही. तीन जणांचा गट शक्यतो टाळा, दोघं एक होतात आणि तिसरं बाहेर पडतं.

दुसरी, आणि मला वाटतं तुमचं खरं दुखणं हे आहे, की काम असं पाहिजे जे एकट्यानं करताच येणार नाही. किल्ला एकट्याला करता येतो, म्हणून तुमच्या त्या पन्हाळावाल्यानं केला, त्यात त्याचं काय चुकलं? चित्र रंगवणं, तक्ता करणं, ही सगळी एकट्याची कामं आहेत, आपण ती उगाच चौघांत वाटतो आणि वर म्हणतो सहकार्य करा. त्यापेक्षा दोघं पाठीला पाठ लावून बसवा, एकाकडं साधं चित्र, घर-झाड-सूर्य असलं, त्यानं नुसतं बोलून सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकून काढायचं. मग उलट. पहिल्यांदा काय काय निघतंय बघाच, झाडावर घर आणि घरात सूर्य, पण हसता हसता त्यांना कळतं की नीट सांगितलं नाही तर दुसऱ्याला समजत नाही. कागदकामात जोडीला एकच कात्री आणि एकच डिंक द्या, मुद्दाम. एक कापेल तेव्हा दुसरा धरेल.

खेळ नवीन शोधायची गरज नाही. विषामृत घ्या. ज्याच्यावर विष आलं तो जागेवर बसतो आणि दुसऱ्यानं येऊन अमृत दिल्याशिवाय उठत नाही, म्हणजे आउट झालेलं पोरगं कायमचं कडेला बसत नाही आणि वाचवायला कुणीतरी जोखीम घेऊन यावंच लागतं. साखळी पण चांगली, हात सुटला की पकडलेलं चालत नाही, त्यामुळं जोरात पळणाऱ्याला हळू पळणाऱ्याचा वेग धरावा लागतो. संगीत खुर्ची मात्र बंद करा, निदान आपली नेहमीची. ती अशी खेळा की गाणं थांबल्यावर एक एक पोतं काढत जायचं पण पोरगं एकही बाद करायचं नाही, उरलेल्या पोत्यांवर सगळ्यांनी मावायचं. खुर्च्यांवर हे करू नका, पडतात. जुनी चादर घ्या, आठ जणांनी कडेनं धरायची, मधे बॉल, खाली न पडता गोल फिरवायचा. अर्ध्या पटांगणात आरामात होतं. शनिवारी आनंददायी शनिवारचा वेळ असतोच, त्यात बसवा.

भांडणाचं म्हणाल तर या वयाच्या पोराला राग आल्यावर शब्दच सापडत नाहीत, म्हणून हात उठतो. मी वाक्यं शिकवायचो, कविता शिकवतो तशी सगळ्यांकडनं म्हणून घेऊन. "तुझं झालं की मला दे." "थांब, माझं अर्धं राहिलंय." "आपण दोघं करूया का?" "मला हे आवडलं नाही." चार पुरेत. भांडण झालं की मी निकाल द्यायचो नाही, फक्त विचारायचो यातलं कुठलं वाक्य म्हटलास?

डीएड_झालं_एकदाचं

झेडपीवाले सर काम एकट्याला न जमणारं पाहिजे म्हणतायत त्यावरनं आठवलं, मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आम्हाला डीएडला अभ्यासाला होता. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली, तर पोरांनी एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल मारली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला, काही उपयोग नाही, जेवताना एकमेकांवर अन्न फेकायला लागली. फरक कधी पडला तर शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा, आणि ट्रक बंद पडला तो सगळ्यांनी दोर लावून ओढला तेव्हा. सगळं घडवून आणलेलं होतं अर्थात. सात वर्षांच्या पोरांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, आणि मुलांना न सांगता असं भांडायला लावणं मला स्वतःला पटत नाही, पण रंकाळा दादांच्या शर्यत आणि बक्षीसवर हे उत्तर आहे.

स्टारबद्दल, मार्क लेपर हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींचा १९७३ चा नर्सरीतल्या मुलांवरचा अभ्यास आहे. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढायला लागली. न सांगता अचानक दिलं त्यांच्यात तसं झालं नाही. त्यामुळं "मदत केलीस की स्टार" असा तक्ता भिंतीवर लावू नका, पोरं मदत करायच्या आधी तक्त्याकडं बघतात. कधीतरी सहज शाबासकी द्या की, त्याला कोण नको म्हणतंय.

दुसरी_ब

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. सर, किल्ला एकट्याला करता येतो हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले, हा विचारच कधी केला नव्हता.

पण दोन शंका. ४२ पोरांत २१ जोड्या, मी कुणाकुणाकडं बघू? (आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक वगैरे लिहिलंय, ते असू दे तिकडं.) आणि ती गप्प मुलगी जोडीत पण गप्पच बसली तर?

एका_गप्प_पोरीची_आई

मी शिक्षिका नाही, पण गप्प मुलीबद्दल सांगू शकते कारण माझ्या घरात एक आहे. कृपया तिला सगळ्यांसमोर "चल तू पण बोल बघू" म्हणू नका, आणि तिला एकदम बोलक्या मुलीजवळ बसवू नका, सगळ्या टीचर हेच करतात. ती बोलकी दोघींचं पण बोलून टाकते आणि आमची आणखी गप्प. माझ्या लेकीच्या बाईंनी तिला तिच्यासारख्याच जरा शांत मुलीबरोबर बसवलं आणि काम असं दिलं की तिच्याकडची वस्तू आल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. वर्गाच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम दोघींचं, एकीकडं बादली एकीकडं मग. घरी येऊन मला पहिल्यांदा शाळेतलं काहीतरी सांगितलं ते कुंडीबद्दल. वेळ लागतो ओ, पण ढकलू नका.

झेडपीवाला

आईंनी अगदी बरोबर सांगितलंय.

२१ जोड्यांकडं बघायचं नाहीच. रोज चार-पाच जोड्या ठरवून बघायच्या, बाकीच्यांचा गोंधळ चालू द्यायचा. आवाज होणारच, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा. शेवटची पाच मिनिटं मात्र सोडू नका, त्यात एकच प्रश्न, "आज कुणामुळं तुझं काम सोपं झालं?" कोण भांडलं हे विचारायचंच नाही, त्याची यादी पोरं न विचारता देतात.

तुमच्या पन्हाळावाल्याला पुढच्या वेळी काम द्या की हात लावायचा नाही, फक्त सांगायचं, आणि ते पण कुणी विचारलं तरच. तळमळेल बिचारा. पण कायम तेच नको, कामं दर वेळी फिरली पाहिजेत, नाहीतर साहित्य आणणारा जन्मभर साहित्यच आणतो.

आणि एकदा भेळ करा वर्गात. चौघांचा गट, एकाकडं चुरमुरे, एकाकडं फरसाण-शेंगदाणे, एकाकडं कांदा-टोमॅटो घरनं चिरून आणलेला, एकाकडं चिंचेचं पाणी. कुणीही दोन वस्तू आणायच्या नाहीत ही अट. कुठल्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत का ते आधी पालकांना विचारून घ्या.

पेठेतला_बॅकी

भेळ कधी आहे ते इथं टाका मॅडम, आम्ही पण येतो चव बघायला 😄

दुसरी_ब

भेळ झाली! जोड्या आधी सुरू केल्या होत्या, पाठीला पाठ लावून चित्र हा आता रोजचा हट्ट झालाय. भेळेच्या दिवशी एका गटातला चिंचेचं पाणीवाला आलाच नाही, मी मुद्दाम गप्प राहिले. त्यांनी शेजारच्या गटाकडं मागितलं, ते आधी नाही म्हणाले मग म्हणाले तुमचं फरसाण द्या. सौदा झाला. हे सहकार्य का व्यापार ते मला माहीत नाही पण रडलं कुणी नाही. एक टोमॅटो-कांद्याचा डबा मात्र बाकावर पालथा झाला आणि त्यावरनं जोरदार भांडण झालं, वाक्यं-बिक्यं सगळे विसरले. म्हणजे अजून बरंच बाकी आहे. मावळेवाली मुलगी आता एका शांत मुलीजवळ बसते, बोलत नाही अजून फार, पण परवा तिनं कात्री स्वतः मागून घेतली.

आता नवीन डोकेदुखी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलंय की आमचा मुलगा हुशार आहे, दुसऱ्याला शिकवण्यात त्याचा वेळ का घालवता. काय उत्तर देऊ?

डीएड_झालं_एकदाचं

ग्रुपवर उत्तर देऊच नका, तिथं शंभर जण मध्ये पडतात. त्यांना पंधरा मिनिटं वर्गात बोलवा आणि मुलाबरोबर पाठीला पाठ लावून बसवा. चित्र वडिलांकडं, काढायचं मुलानं.