विषय: हाइजमन मतदान – मतपत्रिका गुरुवारीच का?

केतकी, ३ डिसेंबर २०२४
नमस्कार मंडळी,
हाइजमन म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी; तिच्यासाठी आपल्या मुलांनी भरलेल्या मतपत्रिका गुरुवारी रात्री दहापर्यंत माझ्याकडे याव्यात. शुक्रवारी पोस्टर छापायला जाईल, शनिवारी स्नेहभोजनात निकाल. नियम गेल्या वर्षीचेच: तीन नावं, पसंतीच्या क्रमाने ३-२-१ गुण. हॉलची किल्ली प्रसाददादांकडे आहे.

मिलिंद
केतकी, गुरुवार नको. शुक्रवारी रात्री बॉयसी स्टेटची यूएनएलव्हीशी (लास व्हेगासच्या विद्यापीठाशी) कॉन्फरन्स फायनल, म्हणजे त्यांच्या गटाचा अंतिम सामना आहे. बॉयसीच्या अ‍ॅश्टन जेंटीने १२ सामन्यांत चेंडू घेऊन धावून २,२८८ यार्ड काढलेत आणि त्याचा सगळ्यात मोठा सामना आपण मोजायचाच नाही? कोलोरॅडो त्यांच्या गटाच्या फायनलला नाही, त्यामुळे त्यांच्या ट्रॅव्हिस हंटरचं काहीच बुडत नाही. खऱ्या मतदारांनासुद्धा फायनल बघून मग मत देता येतं. त्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडचे सामने घड्याळातल्या फरकामुळे आपल्याकडे दिसतात ते मुलं झोपल्यावर. २०१५ साली स्टॅनफर्डच्या मॅकॅफ्रीने बॅरी सँडर्सचा एका हंगामातला ३,२५० एकूण यार्डांचा (धावणं, झेल, किक परतवणं मिळून) विक्रम मोडला, तरी दुसराच आला. किती मतदारांनी त्याला रात्री जागून पाहिलं असेल?

आनंद
मिलिंद, सँडर्सचं नाव काढलंस म्हणून लिहितो. १९८८ साली त्याने ११ सामन्यांत धावून २,६२८ यार्ड काढले. हंगामानंतरच्या बाउल सामन्यात आणखी २२२, पण तेव्हा ते धरत नसत. जेंटीचे आता १२ सामने झाले, तेरावा शुक्रवारी. नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.
आणि हंटर आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळतो रे! ९२ झेल, १४ टचडाऊन, वर चार इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे पास हिसकावले. बचावातल्या माणसाला हे मतदार विचारतच नाहीत. १९९७ चा चार्ल्स वुडसन सोडला तर मुख्यतः बचाव करणारा एकही विजेता नाही. माझा मुलगा बचावात कॉर्नरबॅक खेळतो, त्याला काय सांगू?

सुलभाताई
रात्रीच्या सामन्यांवरून आठवलं. कॉलेजात असताना एका स्पर्धेत आमची एकांकिका शेवटची होती, उभी राहिली रात्री साडेअकराला. एक परीक्षक तोवर घरी गेले होते. शालनने त्या दिवशी जे काम केलं ते मी आजवर विसरले नाही. अभिनयाचं बक्षीस पाचच्या प्रयोगातल्या मुलीला मिळालं. तिचं काम वाईट नव्हतं. पण ज्यांनी शालनला पाहिलंच नाही त्यांनी तिला गुण दिले कसे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

धनंजय
तारखेपेक्षा ३-२-१ चं बघा. खऱ्या हाइजमनचे गुणही असेच मोजतात. १९५६ साली ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनाल्डला पहिल्या पसंतीची २०५ मतं होती, नोटर डेमच्या पॉल हॉर्नंगला १९७. ट्रॉफी हॉर्नंगला, मॅकडोनाल्ड तिसरा! नोटर डेम त्या हंगामात दहापैकी आठ सामने हरलं होतं. पुढे दिग्गज ठरलेला सिरॅक्यूजचा जिम ब्राऊन पाचवा. एकच नाव लिहायला सांगा.

आनंद
एकच नाव ठेवलं तर मुलं टीव्हीवर रोज दिसणाराच लिहितील. दुसऱ्या-तिसऱ्या नावासाठी तरी शोधाशोध करतात. धनंजय, ३-२-१ राहू दे.

केतकी
गुणांचा नियम युवा समितीने मुलांना विचारून ठरवला आहे आणि चार वर्षं मतमोजणी आम्हीच करतोय. तो ऐन आठवड्यात बदलणार नाही. जानेवारीच्या बैठकीला या, तिथे बोलू.
मुदतीबद्दल मिलिंददादांचं म्हणणं मला पटलं. पण पोस्टरवाला शुक्रवारी पाचनंतर घेत नाही.

मिलिंद
पोस्टर मी घरी छापतो. मतपत्रिका शनिवारी सकाळी नऊपर्यंत घे, साडेअकराला पोस्टर हॉलवर आणून देतो. मुलांना शुक्रवारी आमच्याकडे पाठवा, पूर्ण सामना दाखवतो. ज्यांना झोप येईल त्यांची अंथरुणं तळघरात घालतो.

सुलभाताई
केतकी, प्रत्येक नावापुढे एक रकाना घाल: ‘याचा एक तरी सामना पूर्ण पाहिला’. खूण नसेल तर ते नाव मोजू नकोस.

केतकी
घालते, ताई. मिलिंददादा, शनिवारी नऊ म्हणजे नऊ. जाड कागद कोणाकडे आहे?