शब्दचर्चा : पटकी, हापशी आणि निर्धोक पाणी

प्रश्न : लंडनच्या सोहो भागात १८५४ साली आलेल्या कॉलऱ्याच्या साथीवर शाळेतल्या मुलांसाठी लिहितेय. पटकी म्हणू की महामारी? आणि सेफ ड्रिंकिंग वॉटरला ‘स्वच्छ पाणी’ चालेल ना?

– ताई, पटकीच लिहा. महामारी कुठल्याही मोठ्या साथीला म्हणतात, प्लेगलासुद्धा. मात्र तेव्हा इंग्लंडात उन्हाळ्याच्या शेवटी जुलाबाची साथ यायची, तिलाही लोक ‘इंग्लिश कॉलरा’ म्हणत. ती आपली हगवण. ऑगस्टअखेर सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर आली ती पटकी. दहा दिवसांत पाचशेवर माणसं गेली.

– मोडशी का नको? गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३च्या ग्रंथात याच रोगाला ‘मोर्देशी’ म्हटलंय, ते आपल्या मोडशीवरूनच.

– जुना अर्थ खरा. पण आज मोडशी म्हटलं की अपचन डोळ्यांपुढे येतं. मुलांसाठी पटकीच बरी.

आता पाण्याचं. ‘स्वच्छ’ अजिबात नको, कारण सगळा घात त्या शब्दातच आहे. ब्रॉड स्ट्रीटवरच्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ आणि चवीला नावाजलेलं होतं. तिथून दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेल्या एक विधवा बाई त्या चवीसाठी ते रोज गाडीतून मागवत. त्यांच्या आसपास पटकीचा मागमूस नव्हता, तरी त्या पटकीनंच गेल्या. विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर ४० नंबरच्या घराचा मैल्याचा खड्डा होता. त्याच्या विटा झिजल्या होत्या. आजारी तान्ह्या बाळाची दुपटी धुतलेलं पाणी आईनं त्यात ओतलं, ते झिरपत विहिरीला मिळालं. हे डोळ्यांना कसं दिसणार? म्हणून ‘पिण्यायोग्य’ किंवा ‘निर्धोक’ लिहा. ‘निर्धोक’ मला जास्त आवडतो, धोका त्यात ऐकू येतो.

– ‘पंप हँडल’चं काय करू?

– हापशीचा दांडा! साथ या पाण्यातूनच पसरतेय असं म्हणणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला तोच काढला. ‘विहिरीवरची हापशी’ असं लिहा, नाहीतर मुलांना बोअरवेल वाटेल. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही सांगा. दांडा काढला आणि साथ थांबली असं सर्रास लिहिलं जातं.