मापून जुळते, मग सिद्धता काहून?

कंपासपेटी, नागपूर: नववीच्या पोरांनी वेगवेगळे चौकोन काढून बाजूंचे मध्यबिंदू जोडले. आत दरवेळी समांतरभुज चौकोनच. आता विचारतात, ‘मापून जुळते ना, मग सिद्धता काहून लिहायची?’ अटकळ कुठे संपते अन् सिद्धता कुठे सुरू होते, हे वहीतच कसं दाखवू?

समलंब: आधी मापनावरचा भरवसा मोडा. ८×८ सेमीचा चौरस कापून ८×३ आणि ८×५ अशा पट्ट्या करा. अरुंद पट्टी कर्णावर कापा. रुंद पट्टी तिरकी कापा, म्हणजे ३ आणि ५ सेमी समांतर बाजूंचे दोन समलंब चौकोन मिळतील. चारही तुकडे जोडले की ५×१३चा आयत ‘दिसतो’. ६४चे ६५ झाले! खरं तर कर्णावर १ चौसेमीची चिंचोळी फट असते. त्रिकोणाचा उतार ३/८, समलंबाचा २/५. कोनांत फरक जेमतेम सव्वा अंश, कात्री जरा वाकडी गेली की तो झाकला जातो.

लंबसंपात: आता तुमचा चौकोन. कखगघ काढा, कर्ण कग जोडा. त्रिकोण कखगमध्ये दोन मध्यबिंदू जोडणारी रेषा कगला समांतर आणि त्याच्या निम्मी. त्रिकोण कगघमध्येही तसंच. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजू समांतर आणि समान. संपलं. प्रत्येक विधानापुढे कारण हवं: पक्ष (दिलेली माहिती), रचना किंवा आधी सिद्ध झालेलं प्रमेय. ‘आकृतीवरून दिसते’ असं लिहिलं की ती ओळ अजून अटकळच. आणि पतंग (लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असलेला चौकोन) काढणाऱ्याकडे नीट बघा, त्याला आत आयतच मिळणार, कारण पतंगाचे कर्ण लंब असतात. तो ‘कोणत्याही चौकोनात आयत’ म्हणाला, तर पक्षात नसलेली गोष्ट त्यानं आकृतीतून उचलली.

(नागपूरच्या कळमना बाजारात संत्री रचतात त्याहून दाट गोळे रचता येत नाहीत, ही खगोलशास्त्रज्ञ केप्लरची १६११ची अटकळ. गणितज्ञ हेल्सनं सिद्धता जाहीर केली १९९८ला. तोवर दिसत सगळ्यांना होतंच.)

कंपासपेटी: मग आत आयत आला, तर बाहेर पतंगच ना?

लंबसंपात: नाही, व्यत्यास (विधान उलटं फिरवलेलं) वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि हा चूक आहे. ६ आणि ८ सेमीचे कर्ण काटकोनात छेदू द्या, पण पहिला २ आणि ४, दुसरा ३ आणि ५ असा तुटू द्या. आत ३×४चा आयत येतो, बाहेर पतंग नाही.