मदत हवी आहे: १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड, जाम इंजिन आणि छप्पर काढायला निघालेला पोट्टा

परहाटी

मंडळी, जुन्या गाड्यांचे जाणकार इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. लांबलचक झालाय, सांभाळून घ्या.

गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, आरसीवर १९६६, दोन दारांची. मोठे बाबा (वडिलांचे मोठे भाऊ) हिंगणघाटला जिनिंगमध्ये होते तेव्हा त्यांनी सेकंडहँड घेतली होती. ते गेल्यावर गाडी आमच्या कोठ्यात (गोठ्यात) आली आणि हळूहळू कुटाराखाली, म्हणजे गुरांच्या भुशाखाली गेली. भंगारवाले दर दिवाळीला विचारून जायचे, आई हाकलून लावायची.

पोरगा पंधरा वर्षांचा, दहावीत. त्याने मोबाइलवर शोधून काढलं की १९६२ साली इंग्लंडात निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चासी आखूड करून बनवली होती आणि दोन्हींचं डिझाइन एकाच माणसाचं, इटलीच्या मिशेलोत्तीचं. तेव्हापासून कोठ्यातली गाडी त्याच्यासाठी स्पोर्ट्स कार झाली आहे. माझ्या मते ती ९४८ सीसीची, चार माणसं आणि एक टिफिन नेणारी गाडी आहे. पण त्याचं अगदीच चूक म्हणता येत नाही. बॉनेट मडगार्ड-हेडलाइटसकट एकसंध आहे, पुढच्या बाजूला उलथतं आणि अख्खं इंजिन उघडं पडतं. पोट्टा पुढच्या टायरवर बसून काम करतो, इंजिन त्याच्या मांडीला लागून. आजच्या गाडीत हात घालायला जागा नसते, इथे माणूसच आत बसतो.

अवस्था अशी: इंजिन जाम, पुलीला पाना लावला तरी हलत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलेला, खालून कोंबडी दिसते. चासीपासून बाजूला निघणाऱ्या आडव्या पट्ट्या दोन ठिकाणी बोटाने टोचल्या तरी भुगा पडतो. वायरिंग उंदरांनी संपवलं. चारही ब्रेक चिकटलेले. काचा मात्र शाबूत, दारंही आश्चर्य वाटावं इतकी नीट लागतात.

नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने फोटो पाहून सांगितलं, गाडी पाठवा, रंगासकट करून देतो. मला ते नको आहे. गाडी तिकडे गेली की पोरगा पुन्हा मोबाइलमध्ये जाईल. जेवढं त्याच्या हाताने होईल तेवढं घरीच करायचंय, मग दोन वर्षं लागली तरी चालतील. त्याच्या आईची अट एकच, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत फक्त रविवार.

आता अडलंय ते. गावातला मेकॅनिक म्हणतो, ट्रॅक्टरला बांधून ओढा, सुटेल इंजिन. करावं का? पत्र्याचं वेल्डिंग ट्रॉली बनवणाऱ्याकडून करून घेता येईल का? आरसी मोठ्या बाबांच्या नावावर आहे, नंबर जुना तीन अक्षरी, कागद कधीचे संपलेत. आणि मुख्य भांडण छपराचं. पोट्ट्याला समजलंय की या गाडीचं छप्पर बोल्टने बसवलेलं असतं. काढून टाकू, ओपन स्पोर्ट्स कार होईल, असं चाललंय. मी म्हणतो, मे महिन्यात वर्ध्याला ४५ डिग्रीत ओपन गाडीत बसून दाखव. पण हे काही उत्तर नव्हे, तो ऐकतही नाही. खरं उत्तर द्या.

भाऊसाहेब_वरूड

लेका, काहून एवढा विचार करून रायला? ट्रॅक्टरले बांध, थर्ड गिअरात टाक अन् क्लच सोड. आमची जीप अशीच सुटली होती. नाही सुटलं त भंगारवाला हायेच.

ग्रीसगन

भाऊसाहेब, जीप सुटली हे तुमचं नशीब. परहाटी, हे करू नका. पिस्टन रिंगा गंजून सिलेंडरला चिकटल्यात, की एखादा व्हॉल्व्ह अडकलाय, हे माहीत नसताना ओढलं तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी सळई) वाकतो, नाहीतर रिंग तुटून सिलेंडरवर चर पडतात. आज फुकटात सुटणारं इंजिन मग बोअरिंगला, म्हणजे सिलेंडर कोरून घ्यायला जातं.

चारही प्लग काढा. वायरी काढण्याआधी पोट्ट्याकडून फोटो काढून घ्या आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाका. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, तो त्याला पाठ करू द्या. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मंनिम्मं ओता, भोकांवर कापड टाका आणि विसरून जा. रविवारी येऊन पुन्हा ओता. मग टॉप गिअरला टाकून गाडी हाताने पुढे-मागे डुलवायची, ढकलायची नाही. तुमचे ब्रेक चिकटलेत, म्हणून आधी चाकं जॅक-स्टँडवर घेऊन चारही ड्रम सोडवून घ्या. विटांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, वीट सांगून फुटत नाही.

त्याच वेळी इंजिनच्या माथ्यावरचं रॉकर कव्हर उघडा, खाली व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर दिसतील. रॉकर हलवून बघितले की कोणता व्हॉल्व्ह अडकलाय ते दिसतं. तरीही इंजिन हललं नाही तर हेड काढा. साधं बिडाचं हेड आहे, पुशरॉडचं इंजिन, कॅमची भानगड वर नाही. पंधरा वर्षांचा मुलगा हे काम नक्की करू शकतो. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवायला सांगा.

पाने मात्र मेट्रिक वापरू नका. गाडी इंची आहे: ७/१६, १/२, ९/१६. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. गंजलेल्या बोल्टला १३ चा पाना लावला की कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा निघतो.

सगळ्यात महत्त्वाचं, जे गावातला मेकॅनिक हमखास उलटं करेल. पुढच्या चाकाचा उभा लोखंडी दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो, त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की त्या आट्याच फिरतात. तिथे ग्रीस भरायचं नसतं, ईपी-९० गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही आणि आत पाणी धरून ठेवतं. दांडा आतून गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवं पडतं. हेराल्ड आणि स्पिटफायर दोन्हींचं हे दुखणं. पोट्ट्याला स्पिटफायरचा अभिमान असेल तर हेही सांगा. इंजिन नंतर, आधी हे उघडा.

वायरिंग नवीन कराल तेव्हा जुनी अर्थची पट्टी बॅटरीच्या कोणत्या टोकाला होती ते बघा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. आजच्या सवयीने बॅटरी जोडली तर डायनॅमो आणि रेग्युलेटर उलटे चालतात.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

पार्टसाठी लक्षात ठेवा, १९७२ पासूनच्या स्टँडर्ड गॅझेललाही हेच ९४८ सीसी इंजिन होतं. कंपनी मद्रासची, त्यामुळे चेन्नईच्या पुदुपेट बाजारात ओळख काढता आली तर माल निघतो.

पत्रे_ठोक

वेल्डिंगबद्दल. ट्रॉली बनवणारा माणूस हुशार असतो, पण त्याचा हात जाड लोखंडावर बसलेला असतो. तुमच्या फ्लोअरच्या पत्र्यावर त्याने साधी रॉड लावली की भोक पडणार, भोक बुजवताना शेजारी दुसरं पडणार. पत्र्याला सीओटू (गॅसच्या आडोशाने बारीक तारेचं) वेल्डिंग पाहिजे. जवळच्या आयटीआयमधल्या वेल्डिंगच्या सरांना भेटा, बरेचदा तेच माणूस सुचवतात, पोट्ट्याला बघायला उभंही करतात.

चासीच्या आडव्या पट्ट्यांचं काम मात्र जाड लोखंडाचं, तिथे तुमचा ट्रॉलीवाला चालेल. एकावेळी एकच पट्टी कापा, ती बसवल्यावर दुसरी. आणि दारं नीट लागताहेत म्हणालात ना? तीच तुमची मोजपट्टी. प्रत्येक पट्टी टाकल्यावर दार उघडून-लावून बघायचं. अडकायला लागलं की तिथेच थांबा, बॉडी खाली झुकली म्हणून समजा.

म्हणूनच छपराचा विषय आत्ता काढू नका. फ्लोअर होईपर्यंत छप्पर जागेवर असू द्या, वरून आकार धरून ठेवतं.

पेट्रोलची टाकी डिकीत आहे. वेल्डिंगच्या आधी ती काढून कोठ्याबाहेर. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते. कुटाराच्या कोठ्यात वेल्डिंग करणार असाल तर मी काही बोलत नाही, गाडी अंगणात काढा.

आरटीओचा_जावई

छप्पर आणि कागद एकत्रच बघा, तुमचं भांडण तिथेच मिटेल.

केंद्राने २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तुमची १९६६ ची आरामात बसते. पण अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहू शकतो. तुमचा तीन अक्षरी नंबर घालवू नका, मुलाला आज त्याची किंमत कळणार नाही.

छप्पर कायमचं काढून ओपन केली तर ती अट मोडते. विंटेजमध्ये न जाता साधी नोंदणी करायची म्हटली तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. कोणी मारुतीचं इंजिन बसवा म्हणालं तर तेही करू नका. इन्स्पेक्टर चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. रंग खरवडताना चासी नंबरच्या जागी ग्राइंडर अजिबात फिरवू नका.

विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसते बरं का. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज आर्वीला न्यायची असेल तर साधं नूतनीकरण, फिटनेस आणि वर पर्यावरण कर.

सगळ्याआधी गाडी वारसाच्या नावावर. मालक वारल्यावरचा अर्ज फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत. मोठ्या बाबांची मुलं असतील तर गाडी चकचकीत व्हायच्या आधी सही घ्या. भंगारावर सगळे सही करतात.

मंजिरी_ताई

दोन गोष्टी कोणी बोललं नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचं, मास्क लावायचा. हे काम तुम्ही करा, मुलाला देऊ नका.

दुसरं, १८ वर्षांआधी रस्त्यावर चालवू देऊ नका, शिवपांदणीतसुद्धा. अल्पवयीन मुलाने चालवली तर कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे.

परहाटी

सगळ्यांचे आभार. भाऊसाहेब, तुमचेही, जीपबद्दल अभिनंदन.

ठरलं ते असं. ट्रॅक्टर नाही. प्लग निघाले, तीन सहज, चौथ्याने घाम काढला. डिझेल-एटीएफ ओतलंय. ट्रनियन उघडले तर डावीकडे ग्रीसचा काळा दगड आणि दांड्यावर खोल गंज, बदलावाच लागेल. पोट्ट्याने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग म्हणाला, बाबा, असं स्पिटफायरमध्येही असतं म्हणजे त्यांनाही हा त्रास आहे. त्याला त्याचंच समाधान.

छपराचा तह झाला. रस्त्यावर जाईल तेव्हा छप्पर जागेवर, बोल्टसकट. आपल्या वावरात, तूर निघाल्यावर, ते काढून ठेवायचं आणि मी चालवणार, तो शेजारी बसणार. फ्लोअर होईपर्यंत बोल्टला हात नाही. यावर त्याची सही घेतली आहे, जावईबुवांचं ऐकून.

मोठ्या बाबांच्या मुलाशी, नागपूरच्या दादाशी बोललो. तो सही द्यायला तयार आहे, पण पहिली रॅली झाली तर त्याला शेजारी बसवायचं म्हणे. म्हणजे पोट्टा मागच्या सीटवर. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता एवढंच सांगा: इंची पान्यांचा बरा संच वर्धा किंवा अमरावतीत मिळेल, की नागपूरच गाठावं लागेल? आणि हेराल्डचा डावा उभा दांडा कोणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ग्रीसगन

नागपूर. आणि जाताना जुना बोल्ट खिशात घेऊन जा, पाना दुकानातच लावून बघा. "इंची" म्हणून मेट्रिक गळ्यात मारणारे असतात. दांड्याचं विचारतो, पण दोन्ही बाजूचे घ्या. एक गेलाय तर दुसऱ्याची हमी मी तरी देणार नाही.