चोरीचं कोरल-पेजमेकर सोडताना: अनुभव धागा

पत्रिका, स्मरणिका, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी कोरल (चित्रं, लोगो) आणि पेजमेकर (पानांची मांडणी) यांच्या चोरीच्या प्रती सोडून मोफत आणि कायदेशीर साधनांवर येताना नेमकं काय अडतं, ते लिहा. कौतुक नको, अडचणी हव्यात.

*

अडतं ते मजकुरात. जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाँट काढला की स्मरणिकेची इंग्रजी खिचडी होते. आधी सगळं युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असणाऱ्या पद्धतीत) आणा. कन्व्हर्टरमध्ये आपल्याच फाँटाचं नाव निवडा, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते. मग डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी (जुन्यात अक्षराआधी, युनिकोडमध्ये नंतर), रफार (नेमका उलट) आणि ऱ्य. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर स्पेलचेक गप्प, कारण दोन्ही शब्द खरे.

*

पानं मांडायला स्क्रायबस १.६ घ्या, १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात आणि लोक प्रोग्रॅमला शिव्या देतात. प्रेसला पीडीएफ/एक्स-३ (छपाईसाठीची पीडीएफ) द्या, ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) ठेवून. चित्रकामाचं इंकस्केप लोगोसाठी झकास, पण रंग आरजीबी (पडद्याचे), त्यामुळे झगझगीत निळा छापून मळकट येतो. इंकस्केपची एसव्हीजी फाइल स्क्रायबसमध्ये आणून रंग तिथे सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) करा. कोरलच्या जुन्या सीडीआर फायली लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतो. सावल्या आणि पारदर्शकता मात्र बिघडू शकतात. फाँटांत मुक्ता, बालू, शोभिका: तिन्ही ओएफएल या मुक्त फाँट परवान्यात, गिऱ्हाइकाच्या कामाला बिनधास्त चालतात. फक्त नुसता फाँट विकायचा नाही.

*

‘सगळेच वापरतात’ म्हणणाऱ्यांसाठी: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. धंदा किंवा नफा नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. दुकानदाराला ती वाट नाही. शिवाय परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या क्रॅकसोबतची पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. कुलूप काढून चोराला बोलावणंच की!

*

व्हिडिओवाल्यांसाठी. वरातीत गाणं वाजवायला त्याच कायद्याच्या कलम ५२ ची सूट आहे. तेच गाणं व्हिडिओखाली लावून यूट्यूबवर चढवायला नाही. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, हा स्ट्राइक (चॅनेलवर नियमभंगाची नोंद) नव्हे. घाबरून व्हिडिओ उडवू नका, यूट्यूब स्टुडिओत तेवढा तुकडा कापता, म्यूट करता किंवा बदलता येतो. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनेल जाऊ शकतं.

*

वरच्यात भर. ‘गाणं जुनं आहे’ हे पुरत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं. १९६४ चं मुद्रण १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही (निर्मात्याने आधीच वापराची मुभा दिलेल्या कामांत) परवाना वाचा. एनसी (बिगर-व्यावसायिक) असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात नको. एनडी (बदल नको) तर अजिबात नको, चित्राशी संगीत जुळवणं हेच त्यात रूपांतर धरतात. बीवाय (श्रेय द्या) चालेल, वर्णनात गाण्याचं नाव, कलाकार, परवाना आणि दुवा द्या. डाउनलोडच्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जॉबच्या फोल्डरमध्ये टाका, पुढे ते पान गायब झालं तर क्लेमला उत्तर द्यायला तोच हाताशी असतो.