राख-मळी टाकलेल्या उसात ॲट्राझीन हे तणनाशक कमी पडले. पुढे मात्रा वाढवावी का?

प्रश्न: नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भारी काळ्या रानात लागणीपूर्वी साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणि मळी (रस गाळून उरलेला गाळ) टाकली, आणि लागणीनंतर तिसऱ्या दिवशी वाफशावर (रानात बेताची ओल असताना) लेबलावरच्या मात्रेत ॲट्राझीन फवारले. जिथे ट्रॉली रिकामी केली, तिथल्या दहा-बारा फुटांच्या काळपट पट्ट्यात माठ आणि घोळ दाट उगवले आहेत. शेजारच्या सरीत, जिथे राख पोहोचली नाही, तिथे रान स्वच्छ आहे. पुढच्या वेळी मात्रा दीडपट करावी का, असे मी विचारतो आहे. हा ऊस तुटल्यावर खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस) न ठेवता सोयाबीन घ्यायचे आहे.

उत्तर १: दादा, मात्रा मुळीच वाढवू नका. बॉयलरच्या, म्हणजे उसाच्या भुश्श्याच्या राखेत न जळलेला कोळसा असतो आणि त्याच्या असंख्य बारीक छिद्रांत ॲट्राझीन चिकटून बसते, त्यामुळे तणाच्या मुळांना ते पुरेसे मिळत नाही. कुजलेले शेणखतही औषध धरते, पण त्यातले जिवाणू ते मोडतातही, म्हणून शेणखत आणि राख यांना एकाच मापाने मोजू नये. पुढच्या वेळी राख ढिगाने न टाकता पातळ पसरा, नांगरटीत मिसळा आणि राखेच्या पट्ट्यासाठी खुरपणी किंवा कोळपणी धरूनच चाला. रुंद पानांच्या तणावर उगवणीनंतर २,४-डी हे तणनाशक चालते, कारण ते पानांतून शिरते. मात्र शेजारी द्राक्षबाग किंवा कापूस असेल तर ते फवारूच नका.

उत्तर २: मला सोयाबीनची जास्त काळजी वाटते. चिकटलेले औषध नाहीसे झालेले नसते, आणि आपल्या विम्ल (अल्कधर्मी) काळ्या जमिनीत ॲट्राझीन आम्लयुक्त जमिनीपेक्षा सावकाश मोडते. सोयाबीन पेरण्याआधी राखेच्या पट्ट्यातली, स्वच्छ सरीतली आणि न फवारलेल्या बांधावरची माती तीन कुंड्यांत भरून काकडीचे बी लावा. उगवण तिन्हींत सारखीच दिसेल, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात का ते बघा. तसे झाले, तर औषध मातीत अजून शिल्लक आहे असे समजून सोयाबीनऐवजी त्या रानात मका किंवा ज्वारी घ्या, कारण ही पिके ॲट्राझीन पचवतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शेजारी द्राक्षबाग आहे, त्यामुळे २,४-डी बाद. पट्टा उद्यापासून खुरपायला घेतो. काकडीची चाचणी तोडणीनंतर करीन, आणि तिसऱ्या कुंडीसाठी वरच्या बांधाची माती घेईन, कारण खालच्या बांधाला सऱ्यांचे पाणी लागते.